अश्वशक्ती सारखी, मग मोटार कोणती?



लता की आशा, या वादात आपल्याकडे रात्री सरतात. वेगवान मोटारींच्या शौकिनांचंही तसंच आहे. फरक इतकाच की त्यांच्या वादात आकडे फार असतात. आणि आकडे असले, की वादाचा निकाल लागलाच असं माणसाला वाटू लागतं. खरंच तसा लागतो का, हे आज आपण एका गाजलेल्या जोडीवरून पाहू.

पहिली मोटार जर्मनीची, पोर्शे ९११ टर्बो. दुसरी जपानची, निस्सान जीटी-आर. जीटी-आर २००७ साली टोकियोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तेव्हा गंमत अशी झाली, की तिची शक्ती ४८० अश्वशक्ती आणि त्या वेळच्या ९११ टर्बोचीही ४८०च. दोन्हींना टर्बोचार्जर दोन-दोन, दोन्हींत चारही चाकांना जोर. अमेरिकेत मात्र जीटी-आर सुमारे ७० हजार डॉलरना मिळू लागली आणि ९११ टर्बोची किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. मग जास्त पैसे कोण देईल?

वादाला तोंड फुटलं ते जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या मार्गावर. डोंगर-जंगलातून जाणारी ही जवळजवळ २१ किलोमीटरची वाट, चढउतारांची आणि वळणांची. मोटारीची इथली फेरीची वेळ हे शौकिनांचं प्रगतिपुस्तकच. २००८ साली निस्साननं जाहीर केलं, आमची फेरी ७ मिनिटं २९ सेकंदांत झाली. पोर्शेच्या मंडळींना ते पटेना. त्यांनी अमेरिकेत एक जीटी-आर विकत घेतली, स्वतःचा चालक बसवला आणि सांगितलं, आम्हाला तर ७ मिनिटं ५४ सेकंद लागले. तब्बल २५ सेकंदांचा फरक! तुम्ही खास टायर लावले असतील, असा संशय पोर्शेनं घेतला. निस्साननं तो नाकारला आणि वर म्हटलं, हवं तर तुमच्या चालकाला आम्ही ही मोटार चालवायला शिकवू.

कोण खरं, हा प्रश्न बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. चालक, टायर, हवा, रस्त्याचं तापमान यांपैकी एक जरी बदललं तरी वेळ बदलते. शिवाय त्या काळी बहुतेक कंपन्या पूर्ण फेरीच्या सुमारे २३० मीटर आधीच घड्याळ थांबवत. २०१९ पासून तिथल्या व्यवस्थापनानं अधिकृत वेळेसाठी पूर्ण २०.८३२ किलोमीटर अंतर आणि नोटरीची देखरेख असे नियम केले. म्हणजे जुनी वेळ नव्या वेळेशेजारी ठेवताना अंतर कोणतं, हे आधी विचारायला हवं.

जाणता शौकीन त्यामुळे पुढचे प्रश्न विचारतो. इंजिन कुठे आहे? जीटी-आरचं पुढे, ९११चं १९६३ पासून मागच्या चाकांच्याही मागे. मागे वजन असल्यानं वळणातून बाहेर पडताना ९११ची मागची चाकं रस्ता घट्ट धरतात. पण जुन्या ९११मध्ये ऐन वळणात ॲक्सिलरेटर सोडला, की मागचा भाग बाहेर झेपावायचा. चालकाला ते शिकूनच घ्यावं लागे. जीटी-आर दीडशे-एक किलोंनी जड, पण तिचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण इतकं चलाख, की नवशिक्यालाही ती वेगात सांभाळून नेते. कुणाला ही सोबत हवीशी वाटते, कुणाला ती लुडबूड वाटते.

दुसरा प्रश्न वॉरंटीचा. अमेरिकेत सुरुवातीच्या काही जीटी-आर मालकांनी स्थिरता यंत्रणा बंद करून झटक्यात सुटण्याचे प्रयोग केले. गिअरबॉक्स निकामी झाले आणि भरपाईवरून तंटे झाले. पुढे कंपनीनं सॉफ्टवेअर बदललं. ज्या आकड्यासाठी आपण मोटार घेतो, तो रोज काढायची परवानगी आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत आधी वाचावं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर पोर्शेच्याच घरात मिळतं. २०१३ साली त्यांनी नवी ९११ जीटी-३ आणली ती फक्त आपोआप गिअर बदलणाऱ्या, दोन क्लचच्या गिअरबॉक्ससह. हा वेगवान म्हणून उत्तम, असं त्यांचं गणित. जुने चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये हातानं गिअर टाकायची ९११ आर निघाली, मोजून ९९१ मोटारी. त्या लगेच संपल्या आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट भावानं पुन्हा विकल्या जाऊ लागल्या. २०१७च्या जीटी-३मध्ये हाताचा गिअर पुन्हा मिळू लागला. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर गाठायला आपोआप गिअरला ३.४ सेकंद, हाताच्या गिअरला ३.९. अर्धा सेकंद हळू आहे हे माहीत असूनही अनेकांनी हाताचाच मागितला. डाव्या पायाचा क्लच आणि हातातला दांडा यांचा मेळ जमवण्यात त्यांना जे सुख होतं, ते घड्याळात मोजलं जात नव्हतं.

जीटी-आरच्या चाहत्यांचंही सुख घड्याळापुरतं नव्हतं. तिचं प्रत्येक इंजिन योकोहामात एकच कारागीर हातानं जुळवत असे. २०२५च्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांनी तिचं उत्पादन थांबलं, तेव्हा सुमारे ४८ हजार मोटारी बनल्या होत्या आणि असे कारागीर झाले होते अवघे नऊ.

तेव्हा निवड करणाऱ्यानं आधी स्वतःलाच विचारावं: मी ही मोटार कुठे चालवणार, किती वेळा, आणि तिच्यातलं किती काम मला स्वतः करायचंय? शर्यतीच्या मार्गावर जाणाऱ्याला सेकंद हवेत, त्यानं सेकंद मोजावेत. रविवारी सकाळी घाटातून एक फेरी मारणाऱ्यानं मात्र दोन्ही मोटारी तासभर चालवून पाहाव्यात. हातात स्टिअरिंग आल्यावर कोणती आपल्याशी बोलते, ते त्यालाच कळेल. मित्राचं उत्तर वेगळं आलं तर त्याच्याशी भांडू नये. त्याला वेगळी गोष्ट हवी आहे, इतकंच.