ताशी पंधरा किलोमीटर, पण चालत

सिडनी, 28 सप्टेंबर 2000. ऑलिंपिकमधली महिलांची 20 किलोमीटर चालण्याची शर्यत जवळजवळ संपत आली होती. सगळ्यांच्या पुढे होती जेन सॅव्हिल, यजमान ऑस्ट्रेलियाची आणि त्यातही सिडनीचीच मुलगी. स्टेडियममध्ये नेणाऱ्या बोगद्याशी ती पोचली. आत घरचे प्रेक्षक तिची वाट पाहत होते, शेवटचे काहीशे मीटर उरले होते. तेवढ्यात मुख्य पंच पुढे आले आणि त्यांनी तिच्यासमोर लाल फलक धरला. बाद. तिच्या आधी त्याच शर्यतीत आघाडीवर असताना चीनची लिऊ होंगयू आणि इटलीची एलिसाबेत्ता पेरोने याही बाद झाल्या होत्या. सुवर्णपदक मिळालं चीनच्या वांग लिपिंगला.

त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या 20 किलोमीटर शर्यतीत मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा पहिला आला. देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन सुरू असतानाच त्याला सांगण्यात आलं, की तो बाद आहे. पदक पोलंडच्या रॉबर्ट कोझेनिओव्स्कीकडे गेलं.

खेळ जिंकल्यावरही हातातून जाऊ शकतो, असं दुसऱ्या कुठल्या शर्यतीत इतक्या वेळा घडत नाही. म्हणून या खेळाकडे पाहायचं तर नियमापासून सुरुवात करावी लागते. नियम दोनच आहेत. पहिला असा, की एक पाय उचलण्याआधी दुसरा जमिनीला टेकलेला हवा. उघड्या डोळ्यांना दिसेल असे दोन्ही पाय हवेत जाता कामा नयेत. दुसरा असा, की पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्या क्षणापासून शरीर त्याच्या बरोबर वर येईपर्यंत गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे.

आता वेग पाहू. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली एक्वाडोरच्या ब्रायन डॅनियल पिंटाडोने 20 किलोमीटर अंतर 1 तास 18 मिनिटं 55 सेकंदांत कापलं. म्हणजे एक किलोमीटर चार मिनिटांच्याही आत, ताशी पंधरा किलोमीटरहून जास्त. जपानच्या तोशिकाझू यामानिशीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोबे इथे हेच अंतर 1 तास 16 मिनिटं 10 सेकंदांत चालून विश्वविक्रम केला. रोज सकाळी नेमाने धावणाऱ्या हौशी माणसाला दहा किलोमीटर चाळीस मिनिटांत धावता आले, तर तो ते चारचौघांत अभिमानाने सांगतो. पिंटाडो त्याहून वेगात, एकापाठोपाठ दोनदा, चालत गेला.

हा वेग शरीरातून काढायचा कसा? धावणाऱ्याला गुडघा वाकवून उसळी घेता येते. चालणाऱ्याला ती वाट बंद. मग वेग येतो कमरेतून. पाय मागे ढकलताना कंबर त्या बाजूला फिरते, त्यामुळे पाऊल काही इंचांनी लांब पडतं. दोन्ही पावलं जवळजवळ एकाच रेषेवर पडतात, कोपरात काटकोनात वाकलेले हात त्या फिरण्याला तोल देतात आणि पावलांची संख्या मिनिटाला दोनशेच्या घरात जाते. टाच टेकताना पंजा वर ओढलेला असतो. नवशिक्याला पहिली कळ लागते ती इथेच, नडगीच्या पुढच्या स्नायूत. बघणाऱ्याला ही लचकणारी चाल विचित्र वाटते, लोक हसतात. पण त्या लचकण्यातला प्रत्येक अंश त्या दोन नियमांमधून आलेला आहे.

वेगवान कॅमेऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. अव्वल दर्जाच्या वॉकरचेही दोन्ही पाय प्रत्येक पावलागणिक सेकंदाच्या तीन-चार शतांशांइतका वेळ जमिनीपासून सुटतात. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही आणि नियमाला ते चालतं. ही सवलत म्हणजे पळवाट असं अनेकांना वाटतं. पण नियम बनवणाऱ्यांनी मोजमापाची पट्टी म्हणून माणसाची नजर निवडली आहे आणि साऱ्या खेळाची घडण त्या निवडीवर झाली आहे. त्यामुळेच मोठ्या शर्यती एक-दोन किलोमीटरच्या वळशावर घेतात. वळशाच्या कडेला पंच उभे असतात आणि प्रत्येक खेळाडू त्यांच्यासमोरून पुन्हा पुन्हा जातो. पंचांना व्हिडिओची मदत नसते, एकमेकांशी सल्लामसलत करायची नसते. शंका आली तर पिवळा फलक दाखवायचा. त्यावर पाय सुटल्याची नागमोडी रेघ असते किंवा वाकलेल्या गुडघ्याची खूण. खात्री झाली तर लाल कार्ड. एका पंचाला एका खेळाडूविरुद्ध एकच लाल कार्ड देता येतं. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं जमली, की पूर्वी खेळाडू थेट बाद व्हायचा. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत त्याला बाजूच्या कक्षात थांबावं लागतं, 20 किलोमीटरच्या शर्यतीत दोन मिनिटं. चौथं कार्ड आलं, की शर्यत संपली.

दोन मिनिटं म्हणजे या वेगाला अर्ध्या किलोमीटरचं अंतर. चीनची यांग जियायू 2021 साली विश्वविक्रम नावावर घेऊनच ऑलिंपिकला आली होती. टोकियोचा उन्हाळा टाळण्यासाठी ही शर्यत उत्तरेला साप्पोरोला हलवली होती. आघाडीच्या गटात असलेल्या यांगला अगदी शेवटाकडे दंडकक्षात थांबावं लागलं आणि ती बाराव्या क्रमांकावर फेकली गेली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तीच यांग सुरुवातीलाच पुढे निघाली आणि 1 तास 25 मिनिटं 54 सेकंदांत एकटीने जिंकली.

इथे या खेळाच्या सरावाचं मर्म आहे. आपला पाय सुटला की नाही, हे चालणाऱ्याला स्वतःला कळत नाही. दमलेल्या शरीराला तर मुळीच नाही. पंधराव्या किलोमीटरनंतर मांडीचा मागचा स्नायू आखडतो, गुडघा किंचित वाकू लागतो, खांदे वर चढतात आणि पावलं उडू लागतात. खेळाडूला मात्र आपण पूर्वीसारखेच चालतोय असं वाटत असतं. म्हणून आठवड्याला शंभर ते दीडशे किलोमीटर चालणं, वजनं उचलणं, कमरेचे व्यायाम, उंचीवरची शिबिरं हे सगळं असलं तरी त्याच्या जोडीला कुणाचे तरी डोळे लागतात. सायकलवरून शेजारी जाणारा, रस्त्याच्या कडेला वाकून गुडघ्याच्या उंचीवरून पाहणारा प्रशिक्षक लागतो. किलोमीटर-किलोमीटरचे वेगवान टप्पे घेताना तो घड्याळाइतकाच पायाकडे बघतो. वेग साधला पण चाल मोडली, तर तो टप्पा वाया गेला असंच समजतात.

मेक्सिकोचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. 1966 साली पोलंडहून येझी हाउसलेबर नावाचा प्रशिक्षक तिथे आला. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर आहे, म्हणजे विरळ हवेतला सराव घरबसल्या. पण उंची काही हाउसलेबरने आणली नव्हती, ती आधीपासूनच होती. त्याने आणली ती शिकवण. दोनच वर्षांत, 1968 च्या ऑलिंपिकमध्ये, होसे पेद्राझा या सैनिकाने 20 किलोमीटरमध्ये सोव्हिएत गोलुब्निचीच्या मागोमाग रौप्यपदक मिळवलं. 1976 मध्ये डॅनियल बौतिस्ता सुवर्णपदक घेऊन आला. 1984 मध्ये एर्नेस्तो कान्तो आणि राउल गोन्सालेस यांनी 20 आणि 50 किलोमीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या.

लॅटिन अमेरिकेतल्या इतर देशांनीही ही वाट धरली. 1996 मध्ये जेफरसन पेरेझने एक्वाडोरला इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक पदक दिलं, तेही सुवर्ण. नवस फेडायला तो राजधानी कीटोपासून आपल्या कुएन्का गावापर्यंत साडेचारशे किलोमीटर पायी गेला. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. 2012 मध्ये ग्वाटेमालाचं पहिलं ऑलिंपिक पदकही चालण्यातच आलं, एरिक बारोन्दोचं. आणि ब्राझीलचा कायो बोनफिम? त्याची आई जियानेत्ती स्वतः राष्ट्रीय विजेती वॉकर, तीच त्याची प्रशिक्षक. रस्त्यावर सराव करताना लोकांनी केलेली टिंगल त्याने वर्षानुवर्षं सोसली. पॅरिसमध्ये त्याला रौप्य मिळालं आणि 2025 साली टोकियोत तो 20 किलोमीटरचा जगज्जेता झाला. घरात रोज चालीवर नजर ठेवणारं माणूस असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते या एका घरावरून कळतं.

सिडनीत सेगुराचं पदक ज्याच्याकडे गेलं, तो कोझेनिओव्स्की स्वतःही बार्सिलोनात 1992 साली 50 किलोमीटर शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर असताना, स्टेडियमच्या दाराशी बाद झाला होता. साडेतीन तासांहून अधिक चालून! त्याने खेळ सोडला नाही. 1996, 2000 आणि 2004 अशी सलग तीन ऑलिंपिक त्याने 50 किलोमीटरमध्ये जिंकली.

उष्णता हा या खेळाचा दुसरा पंच. दोहा इथे 2019 च्या जागतिक स्पर्धेत 50 किलोमीटरची शर्यत रात्री साडेअकराला सुरू केली, तरी पारा तिशीच्या वर आणि हवा दमट. जिंकला जपानचा युसुके सुझुकी, 4 तास 4 मिनिटं 50 सेकंदांत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो हेच अंतर 3 तास 39 मिनिटांत चालला होता. माणूस तोच, तंत्र तेच. वाढलेली पंचवीस मिनिटं उन्हाळ्याची. म्हणून आता टोपीत बर्फ भरतात, मानेवर ओला स्पंज दाबतात, शर्यतीआधी काही आठवडे तापलेल्या खोलीत चालतात आणि वेग न तोडता टेबलावरची बाटली उचलण्याचाही सराव करतात.

दोहाच्या त्या शर्यतीत कांस्यपदक मिळवणारा कॅनडाचा इव्हान डनफी इथे आठवलाच पाहिजे. रिओमध्ये 2016 साली कांस्यपदकासाठी झुंजताना जपानच्या हिरूकी अराईचा त्याला धक्का लागला, त्याची लय तुटली आणि तो चौथा आला. तक्रारीनंतर अराई बाद ठरला, जपानच्या अपिलानंतर पुन्हा आत आला. डनफीला क्रीडा लवादाकडे जाता आलं असतं. तो गेला नाही. थकलेल्या शरीरांचा असा स्पर्श शर्यतीचाच भाग आहे, असं त्याचं मत होतं. पाच वर्षांनी साप्पोरोत, ऑलिंपिकमधल्या शेवटच्या 50 किलोमीटर शर्यतीत, त्याने अखेरच्या काही मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. 2025 मध्ये टोकियोत तो 35 किलोमीटरचा जगज्जेता ठरला.

भारताचं काय? हकम सिंग यांनी 1978 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत आणि चांद राम यांनी 1982 मध्ये दिल्लीत 20 किलोमीटरचं सुवर्ण जिंकलं होतं. त्यानंतर मोठा खंड पडला. लंडन ऑलिंपिकमध्ये 2012 साली मलप्पुरमचा के. टी. इरफान 1 तास 20 मिनिटं 21 सेकंदांत दहावा आला. 2014 मध्ये खुशबीर कौरने आशियाई रौप्य जिंकलं. बर्मिंगहॅमच्या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्रियंका गोस्वामीला 10,000 मीटरमध्ये रौप्य आणि संदीप कुमारला कांस्य मिळालं. प्रियंकाचे वडील उत्तर प्रदेशात एसटीचे कंडक्टर होते आणि तिची सुरुवात जिम्नॅस्टिक्समधून झाली. सोनभद्रचा राम बाबू वाराणसीत वेटर होता, टाळेबंदीत वडिलांबरोबर रोजगार हमीच्या कामावर मजुरी करत होता. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने 35 किलोमीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मंजू राणीसोबत मिश्र सांघिक कांस्य जिंकलं. पॅरिससाठी 1 तास 20 मिनिटं 10 सेकंदांची पात्रता वेळ गाठणारे भारतीय इतके झाले, की एका देशाला तीनच जागा असल्यामुळे काहींना घरी राहावं लागलं.

म्हणजे दम आहे, वेगही आला आहे. पॅरिसमध्ये मात्र आपल्या पुरुषांपैकी कुणीही पहिल्या पंचविसात नव्हतं. 1 तास 20 मिनिटांची वेळ एकदा गाठणं आणि पदकाच्या गटात, आजूबाजूला पिवळे फलक उठत असताना, शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये आणखी वेग वाढवणं यात अंतर आहे. ते कापायला घरच्या स्पर्धांत कडक पंचगिरी हवी आणि ती वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून हवी. चुकीची चाल स्नायूंत मुरली, की विशीत ती सोडवणं फार अवघड जातं.

2026 पासून जागतिक स्पर्धांत 20 आणि 35 किलोमीटरची जागा अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन ही अंतरं घेत आहेत, म्हणजे 21.0975 आणि 42.195 किलोमीटर. दर हिवाळ्यात मुंबई-पुण्यात मॅरेथॉनसाठी रस्ते बंद होतात, मार्ग मोजलेला असतो, पाण्याची टेबलं आणि वैद्यकीय पथकं उभी असतात. त्याच सकाळी एखाद्या किलोमीटर-दोन किलोमीटरच्या वळशावर शाळकरी आणि कुमार वयाच्या वॉकरची पाच किंवा दहा किलोमीटरची शर्यत घ्यायला फारसा वेगळा खर्च येणार नाही. वेगळे लागतील ते पंच, प्रशिक्षित आणि निर्भीड. ते रातोरात मिळत नाहीत. जिल्हा संघटनांनी आतापासून शारीरिक शिक्षणाचे शिक्षक निवडून त्यांना पंचांच्या परीक्षेला बसवायला सुरुवात केली, तर दोन-तीन हिवाळ्यांत वळशाच्या कडेला उभे राहण्याइतके पंच महाराष्ट्रात तयार होतील.