पखवाजाचा डावा हात आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर



अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचं नाव पखवाजामुळे देशभर गेलं. शंकरबापू आपेगावकरांच्या वादनाला पद्मश्रीचा मान मिळाला, आणि पुढं उद्धवबापू आपेगावकरांनी तो वारसा चालवला. आज मी बोलणार आहे हेडफोनला लागणाऱ्या ॲम्प्लिफायरबद्दल. पण सुरुवात पखवाजापासून करतो, कारण ॲम्प्लिफायर चांगला की सुमार, हे ओळखायला आपल्या जिल्ह्यात पखवाजासारखं दुसरं वाद्य नाही.

वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात, हे आपण सप्ताहात बघतोच. त्या कणकेमुळं डाव्याचा नाद खाली उतरतो, भरदार होतो. उजव्या तोंडाला शाई असते, त्याचा बोल टणक आणि स्वच्छ. उघड्या हाताची थाप पडते तेव्हा क्षणभरात आवाज कुठल्या कुठं चढतो, आणि वादकानं हात ठेवला की तिथंच थांबतो. ती झेप आणि ते थांबणं, दोन्ही तुमच्या कानापर्यंत जसंच्या तसं आलं पाहिजे. चांगला हेडफोन ते करू शकतो. मात्र त्याला चालवणारं यंत्र त्या ताकदीचं हवं.

आधी एक गोष्ट झटपट सांगून टाकतो. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, त्यामुळं त्याच्यासाठी वेगळा घेण्याचा प्रश्नच येत नाही. मी बोलतोय ते वायरच्या हेडफोनबद्दल.

आता दुकानात गेलात की विक्रेता वॉट सांगतो. मंडपवाल्यांकडं आपण तेच ऐकलेलं असतं, ‘मशीन किती वॉटचं आहे?’ भोंगे आणि बॉक्स चालवायचे तर तो प्रश्न बरोबर आहे. हेडफोनचं काम मात्र मिलिवॉटमध्ये चालतं, म्हणजे वॉटच्या हजाराव्या भागात. इथं विचारायचे आकडे दोन, आणि ते ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर नसतात. ते हेडफोनच्या खोक्यावर असतात. एक म्हणजे ओहम, विजेला होणारा अडथळा. दुसरा म्हणजे संवेदनक्षमता, एक मिलिवॉट दिला तर किती डेसिबल आवाज निघतो.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. बोअरला पाणी चारशे फुटांवर असेल तर आपण जास्त स्टेजची पाणबुडी मोटार घेतो, पाणी थोडं आलं तरी चालेल, पण वर चढलं पाहिजे. विहिरीत पाणी वरच असेल आणि भरपूर उपसायचं असेल तर मोटार वेगळी, तिथं हेडपेक्षा डिस्चार्ज महत्त्वाचा. हेडफोनचंही तसंच. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्ट लागतात, म्हणजे चढ. कमी ओहमच्या आणि कमी संवेदनक्षमतेच्या हेडफोनला करंट लागतो, म्हणजे उपसा. दोन्हींना ‘दमदार ॲम्प्लिफायर लागतो’ असं म्हटलं जातं, पण दम वेगवेगळ्या प्रकारचा आहे.

थोडा हिशेब करू. आपण सरासरी ऐंशी डेसिबलच्या आत ऐकत असलो तरी पखवाजाच्या थापेचं टोक क्षणभर ११० पर्यंत जाऊ शकतं. ते टोक कापलं जाऊ नये एवढी तयारी हवी. समजा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि एका मिलिवॉटला ९७ डेसिबल देतो. १९९७ साली आलेला सेनहायझरचा एचडी ६०० साधारण या जातीचा. ११० डेसिबलसाठी त्याला २० मिलिवॉट लागतात. त्यासाठी जवळपास अडीच व्होल्ट हवेत, करंट मात्र फक्त ८ मिलिअँपिअर. फोनला लावायचा साधा, चांगला छोटा अडॅप्टर सुमारे एक व्होल्ट देतो. म्हणजे या हेडफोनवर तो १०२ डेसिबलला दमतो. गाणं ऐकू येईल, बोल कळतील, पण थाप चपटी होईल.

आता दुसरा हेडफोन घ्या. ३२ ओहमचा, सपाट पडद्याचा, ज्याला प्लॅनर म्हणतात, आणि एका मिलिवॉटला ९० डेसिबल देणारा. त्याच ११० साठी त्याला १०० मिलिवॉट लागतील. व्होल्ट दोनच्याही आत, पण करंट ५६ मिलिअँपिअर. पहिल्याच्या सातपट! पहिल्याला उत्तम चालणारा एखादा ॲम्प्लिफायर इथं धापा टाकेल.

आणि तिसरा, कानात घालायचा साधा इअरफोन, ३२ ओहम, १०५ डेसिबलचा. त्याला तीन मिलिवॉटच्या आसपास पुरतात, अर्ध्या व्होल्टहूनही कमी. फोन हे काम आरामात करतो. अशा श्रोत्यांना मी मनापासून सांगतो, ॲम्प्लिफायर घेऊ नका. त्या पैशात आणखी चांगला इअरफोन घ्या, फरक लगेच कळेल.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत विकला गेला आहे. नाव तेच, रूप जवळपास तेच. त्यामुळं ‘मित्राकडं आहे, त्याला हा ॲम्प्लिफायर चालतो’ एवढ्यावर विसंबू नये. स्वतःच्या हेडफोनचा ओहम वाचावा.

आता ज्या आकड्याकडं सगळ्यात कमी लक्ष जातं आणि ज्यानं पखवाजाचा डावा बिघडतो, तो आकडा. ॲम्प्लिफायरच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर त्याचा स्वतःचा थोडा ओहम असतो. हेडफोनचा ओहमही सगळ्या स्वरांना सारखा नसतो, खर्जाकडं तो बऱ्याचदा चढतो. समजा ३२ ओहमचा हेडफोन खर्जात ६० ओहमवर जातो, आणि ॲम्प्लिफायरचा बाहेरचा ओहमही ६० आहे. मग खर्ज बाकीच्या स्वरांपेक्षा तीन डेसिबलनं फुगतो. शिवाय पडद्यावरची पकड सैल होते, हात ठेवल्यावर नाद जागच्या जागी थांबत नाही, ओघळत राहतो. काही लोकांना हा फुगलेला खर्ज सुरुवातीला आवडतो. मला तो वादकावर अन्याय वाटतो. डाव्या हातानं किती घुमवायचं हे त्या माणसानं आयुष्यभर रियाज करून ठरवलेलं असतं, ते बदलायचा हक्क यंत्राला नाही.

म्हणून नियम असा की ॲम्प्लिफायरचा बाहेरचा ओहम हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून जास्त नसावा. ३२ ला ४, ३०० ला ३७ पर्यंत. जुन्या स्टिरिओ यंत्रांच्या हेडफोन जॅकला आणि बऱ्याच व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरना हा ओहम मोठा असतो. ३०० ओहमच्या हेडफोनला व्हॉल्व्हचं यंत्र शोभूनही दिसेल, ३२ च्याला सहसा नाही.

इथं एका खऱ्या यंत्राची गोष्ट सांगतो. २०११ साली एका अनाम इंजिनिअरनं ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ नावाचा ॲम्प्लिफायर रचला आणि त्याचा पूर्ण नकाशा लोकांसाठी खुला केला. बाजारात सहज मिळणारे स्वस्त चिप, बाहेरचा ओहम एकाहूनही कमी, प्रत्येक मोजमाप जाहीर. किमतीनं कितीतरी पट मोठ्या यंत्रांच्या शेजारी तो ताठ मानेनं उभा राहिला. हातात सोल्डरिंग गन असलेला आपल्याकडचा कुठलाही होतकरू मुलगा तो बनवू शकतो, आणि बनवावाच असं मला वाटतं. आणखी एक, तो नऊ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्यांवर चालतो. लाईट गेली तरी मैफल थांबत नाही.

विजेचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडं खरा त्रास तिथंच आहे. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं. ॲम्प्लिफायरच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर काळजी नाही. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरला मात्र कमी व्होल्टेजचा फटका बसतो, आणि नेमकी मोठी थाप फाटते. दुसरा त्रास गुणगुणीचा. लॅपटॉप चार्जरला लावला, त्यातून ॲम्प्लिफायर जोडला, की कानात ‘घूंऽऽ’ सुरू होतं, यंत्राच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात. बहुतेक वेळा यात ॲम्प्लिफायरचा दोष नसतो. घरात अर्थिंग नसतं, किंवा नावापुरतं असतं. आपली जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडते, तेव्हा चांगलं केलेलं अर्थिंगही कमजोर होतं, त्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. नवीन यंत्र परत करायला निघण्याआधी चार्जर काढून ऐका. गुणगुण गेली तर वायरमनला बोलवा.

गेनबद्दल, म्हणजे आलेला आवाज किती पटीनं वाढवायचा त्याबद्दल, एवढंच, की ॲम्प्लिफायरला कमी-जास्त गेनचं बटण असेल तर आधी कमीवर ठेवा. कानातल्या नाजूक इअरफोनला जास्त गेन दिला तर शांत आलापातही ‘सूं’ ऐकू येत राहतं. ताकद आहे म्हणून आवाज चढवण्याचा मोह मात्र आवरा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८३ ला २० तास, ८६ ला १०. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे, तेव्हा आपला हेडफोन मुलांच्या कानावर ठेवताना आवाज कमी करून मगच ठेवा.

निवड करायला जाताना आपल्या ओळखीचं ध्वनिमुद्रण सोबत न्या, शक्यतो ज्या वाद्याचा आवाज तुम्ही समोर बसून ऐकला आहे त्याचं. नोव्हेंबरात अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय संगीताची सभा होते, गावोगावी सप्ताह असतात. माईकपासून लांब, पखवाजाच्या जवळ बसून एकदा ऐका, म्हणजे दुकानात कान फसणार नाही. आणि दोन ॲम्प्लिफायर ताडून पाहताना दोघांचा आवाज आधी अगदी सारखा करा, कारण जो थोडासा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. सारखा करायला साधा मल्टीमीटर पुरतो. फोनवर ५० हर्ट्झचा स्वर लावा, कारण घरच्या विजेची गती तीच असल्यानं मीटर तो अचूक वाचतो. हेडफोन जोडलेला असतानाच दोन्हीकडचे व्होल्ट जुळवा, आणि मग डोळे मिटून, कुणाला तरी वायर बदलायला सांगून ऐका. फरक कळला तर जो डावा हात खरा वाटेल तो घ्या. फरक कळला नाही तर दोन्हींतला स्वस्त घ्या.