खपणारी पुस्तके आणि ‘खरे’ साहित्य

(इंदूर येथे मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



‘लोकप्रिय कादंबरीला साहित्य म्हणावे का’ हा आजचा विषय. एरवी हा प्रश्न समीक्षकांवर सोपवून आपण मोकळे झालो असतो. पण यंदा तो आपल्याच दारात आला आहे. मंडळाच्या वाचनालयात जागा उरलेली नाही, काही पुस्तके कमी करावी लागणार आहेत, आणि सगळ्यांचे बोट एकाच कपाटाकडे जाते आहे. ते कपाट म्हणजे रहस्यकथा, भयकथा आणि हातोहात फिरून कव्हरे निघालेल्या कादंबऱ्या. ‘त्यात काय साहित्यमूल्य आहे?’ असे विचारले जाते. पुस्तके रद्दीत जाण्यापूर्वी या प्रश्नाचा नीट विचार व्हावा, एवढ्यासाठी मी उभा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘करमणूक’ हा शब्द आपण अलीकडे फार हलका करून टाकला आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले, त्याचे नावच मुळी ‘करमणूक’. आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली गेली ती याच साप्ताहिकात. बालविधवेच्या दुःखाची ती कहाणी आज आपण अभिजात म्हणून मुलांना अभ्यासाला लावतो. पण तिचे पहिले वाचक पुढचा अंक कधी येतो याची वाट पाहणारे वाचक होते. आपट्यांना गांभीर्य आणि गोडी यांत वैर दिसले नाही.

आणखी मागे जाऊ. एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून १५८४ साली तिची शुद्ध प्रत तयार केली. एवढा मोठा पंडित माणूस. पण त्यांनीच विंचू, भूत, गारुडी, जोशी असल्या विषयांवर भारुडे रचली, आणि ती गावोगाव सोंगे घेऊन गायली गेली. एका हाताने पाठशुद्धी आणि दुसऱ्या हाताने भारूड! त्यांतले खरे कोणते आणि खोटे कोणते, असा वाद नाथांसमोर घालायला आपण धजलो असतो का?

आता आपल्यापैकी अनेकांच्या तरुणपणाचा काळ घेऊ. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची आणि शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ चे. ‘स्वामी’ घराघरांत वाचली गेली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. ‘मृत्युंजय’ हिंदीत गेले, आणि आपल्या शेजारच्या हिंदीभाषक घरांतही कर्णाची कथा त्या पुस्तकातून पोहोचली. ‘कोसला’ची वाट अगदी निराळी होती. तिने कादंबरीची भाषाच बदलून टाकली. ही तिन्ही पुस्तके एकाच दशकात, एकाच भाषेत आली. भरपूर खप झाला म्हणून पुस्तक थोर ठरत नाही, हे मान्यच. पण भरपूर खपले म्हणून ते हलके ठरते, हेही तितकेच चूक आहे.

इथपर्यंत कुणाचा फारसा मतभेद नसेल. खरा प्रश्न पुढचा आहे. ज्यांना पुरस्कार मिळाले नाहीत आणि ज्यांची नावे वाङ्मयेतिहासात एखाद्या ओळीत संपतात, त्यांचे काय? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावे इथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नकोत. गोव्याच्या गुरुनाथ नाईकांचीही संख्या तशीच मोठी. इतके लिहायचे म्हणजे घाई होणार, तेच ते साचे येणार. अर्नाळकरांच्या अनेक कथांची बीजे इंग्रजीतून आलेली आहेत. पात्रे एकसुरी असतात, योगायोग फार असतात. हे दोष मी झाकणार नाही. आदर करायचा म्हणजे दोषांकडे डोळेझाक करायची असे नव्हे. पुस्तक वाचून, त्याने जे करायचे ठरवले ते त्याला साधले का, हे पाहून मत द्यायचे, याला मी आदर म्हणतो. कव्हरावरचे पिस्तूल पाहून मत देणे हा निव्वळ आळस आहे.

असे वाचले की फरक दिसू लागतात. नारायण धारपांच्या चांगल्या कथांत भीती भुताच्या वर्णनातून येत नाही. ओळखीचे घर, जिना, बंद खोली आधी आपल्या मनात पक्की बसते आणि मग हळूच काहीतरी बिनसते. हे सोपे काम नव्हे. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त पुण्याच्या कॉलेजातल्या कट्ट्यावरची मुले जशी बोलत तशी बोलतात. २०१३ साली तिच्यावर चित्रपट आला, तेव्हा मूळ कादंबरीला नवे वाचक मिळाले. आता आपल्यापुरते पाहा. आपली मराठी आजोबा-पणजोबांबरोबर होळकरांच्या राज्यात आली आणि इथे हिंदीच्या शेजारात मुरली. पुण्या-मुंबईचे समवयस्क आज कसे बोलतात, कसे भांडतात, प्रेमात पडले की काय म्हणतात, हे आपल्याला अभिजात ग्रंथ सांगत नाहीत. ते अशा कादंबऱ्यांतून कळते.

आणि आता मुलांविषयी. बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू, म्हणजे तिथल्या मराठी मुलांना आधी लिपीच ओलांडावी लागते. आपल्या मुलांना शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी फुकट मिळते. पण त्याच हिंदीमुळे वाचताना ती पावलोपावली फसतात. ‘शिक्षा’ म्हणजे त्यांना शिक्षण वाटते, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि ‘संसार’ म्हणजे जग. अशा मुलाच्या हाती एकदम जड पुस्तक दिले तर ते दुसऱ्या पानावर मिटते. पण खून कुणी केला हे कळायचे असेल, तर तेच मूल दहा अनोळखी शब्द अंदाजाने ओलांडून पुढे जाते, आणि पन्नास पानांनंतर त्यांतले सहा शब्द त्याचे झालेले असतात. हिंदीत हे घडलेलेच आहे. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ मध्ये आली, आणि ती वाचता यावी म्हणून उर्दू जाणणाऱ्या कित्येकांनी देवनागरी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदले आहे.

मात्र यावरून कुणी असे समजू नये, की ही पुस्तके म्हणजे फक्त पहिली पायरी, वर चढलो की विसरायची. काही वाचक आयुष्यभर त्याच कपाटाशी राहतील. दिवसभर दुकान, ऑफिस, स्वयंपाकघर सांभाळून रात्री तासभर मराठीत रमणारा माणूस आपल्या भाषेशी इमान राखूनच असतो. त्याच्या आवडीला नाक मुरडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून माझी मंडळाला तीन मागणी आहेत. ते कपाट काढू नका. पुस्तके कमी करायचीच असतील तर प्रत्येक पुस्तक निदान एका सभासदाने वाचून मत द्यावे. ज्यात काहीच दम नाही ते खुशाल जाऊ द्या, मग ते लोकप्रिय असो की पुरस्कारप्राप्त. आणि ‘साहित्य’ व ‘इतर’ अशा दोन पाट्या आहेत, त्या उतरवून पुस्तके लेखकाच्या नावाने लावा. म्हणजे धारप शोधायला आलेल्या मुलाला शेजारीच नेमाडे दिसतील. एखाद्या दिवशी कुतूहलाने तो तेही पुस्तक काढून पाहील.

चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती आज आपल्यासमोर बसला आहे. चौसष्टांतली कोणती कला वरची आणि कोणती खालची, हे त्याने कधी सांगितल्याचे ऐकिवात नाही. आपणही जरा सबुरीने घ्यावे, एवढीच विनंती करून माझे बोलणे संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!