क्रूझला निघण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीतील अकरा कुटुंबे मे महिन्यात एकत्र क्रूझ सहलीला गेली. निघण्यापूर्वी गच्चीवर झालेल्या पालकसभेत बी विंगमधील आपल्या डॉक्टरबाईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. सहलीला जाऊन आलेल्यांच्या आग्रहावरून छापत आहोत. – संपादक मंडळ)

सेक्रेटरीसाहेबांनी मला दोन अटी घातल्यात. पंधरा मिनिटांत आटपा आणि आईवडिलांना घाबरवू नका. पहिली पाळायचा प्रयत्न करते. दुसरीचं काय होतं ते बघू.

गेले पंधरा दिवस तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने मला लिफ्टमध्ये गाठून एकच प्रश्न विचारलाय, "बाई, बोट लागू नये म्हणून मुलांना कुठली गोळी द्यायची?" तेव्हा सुरुवात तिथूनच करते. पण मला खरं बोलायचंय ते त्यानंतरचं आहे, म्हणून मधेच उठून खाली जाऊ नका.

बोट लागणं म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी अंगावर शिकले. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. मे महिन्याची सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावरून बोट. 'चंपावती' मला अजून आठवते. डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंकेला पाठ लावायची, आणि वेंगुर्ल्याकडची मंडळी शेजारी असली की त्यांच्या फणसापोळीवर डोळा ठेवायचा. आई निघायच्या आधी आलेपाकाची वडी हातात द्यायची आणि म्हणायची, "लांब बघ. पाण्याकडे नको, लांब बघ." आईला शरीरशास्त्र माहीत नव्हतं, पण सल्ला अगदी बरोबर होता. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. ती सांगते, आपण हलतोय. केबिनमध्ये बसून मोबाईल बघणारे डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. दोघांचं जुळलं नाही की मळमळ सुरू. क्षितिजाकडे बघितलं की डोळे आणि कान एकच गोष्ट सांगायला लागतात.

साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. दोन वर्षांखालच्यांना सहसा होत नाही, म्हणजे आपल्या गटातला चौदा महिन्यांचा भिडू सगळ्यांत मजेत असणार. आजची जहाजं प्रचंड असतात, डुलणं कमी करायला त्यांना खाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, आणि आपण जातोय ते पावसाळ्याच्या बऱ्याच आधी. जुन्या कोकण बोटी तर पावसाळ्यात बंदच असायच्या. त्यामुळे फार काळजी करू नका. केबिन अजून बदलून मिळत असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. केबिनमध्ये मोबाईल नको.

आता गोळी. आपल्याकडे जी गोळी घरोघरी असते, तिच्यातलं औषध प्रोमेथाझिन. दोन वर्षांखालच्या मुलाला ते अजिबात द्यायचं नाही, त्याने श्वास मंदावू शकतो. त्यावरच्या मुलांना द्यायचं तर वजनावरून, डॉक्टरांना विचारून, आणि एकदा घरी देऊन बघून. काही मुलं झोपतात, काही उलट पिसाळल्यासारखी करतात. ते घरात कळलेलं बरं. मोठ्यांची उलटीची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. उलटीच्या काही औषधांनी मुलांची मान वाकडी होते, डोळे वर जातात. अशी मुलं रात्री-अपरात्री माझ्याकडे घेऊन आलेले आईवडील मी पाहिलेत. पोरगं औषध उतरल्यावर बरं होतं, पण त्या दोन तासांत आईवडिलांचं काय होतं ते विचारू नका.

झालं. बोट लागण्याचं इतकंच. आता दुसरी उलटी.

काही वर्षांपूर्वी मी, मुलगा, सून आणि तेव्हा सहा वर्षांचा नातू असे परदेशातल्या एका बंदरातून चार रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. मुलाच्या मित्रांची आणखी दोन कुटुंबं सोबत होती. विमानातून उतरल्यावर नातवाला एकदा उलटी झाली. बंदराकडे जाताना टॅक्सीत दुसऱ्यांदा. जहाजावर चढताना एक फॉर्म भरून घेतात. त्यात सरळ प्रश्न होता, गेल्या दोन दिवसांत कोणाला उलट्या किंवा जुलाब झालेत का? मुलगा पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, विमान लागलंय त्याला. 'नाही' लिही."

चाळीस वर्षं लहान मुलं तपासणारी डॉक्टर बोलतेय, मग मुलगा कशाला विचार करतोय? त्याने 'नाही' लिहिलं.

मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं का? थोडं वाटलं होतं. विमान लागलेलं मूल जमिनीवर आल्यावर तासाभरात सावरतं, हे मला ठाऊक होतं. हा सावरला नव्हता, पोट दुखतंय म्हणत होता. पण तिकिटांचे पैसे गेलेले, मुलाने मुश्किलीने रजा काढलेली, आणि 'हो' लिहिलं तर जहाजावर घेतील की नाही कोण जाणे. रात्री त्याला जुलाब सुरू झाले. मी पिशवीतलं ओआरएस काढलं, चमच्याने पाजत बसले, सकाळपर्यंत गडी खुशीत. मला उलट स्वतःचं कौतुक वाटलं. दुपारी तो बाकीच्या मुलांबरोबर खेळघरात गेला. संध्याकाळी आम्ही सगळे एका टेबलावर जेवलो.

दुसऱ्या दिवशी रात्री बरोबरची दोन मुलं आडवी झाली. तिसऱ्या दिवशी त्या मित्राचे वडील. वय ऐंशी, मधुमेह. त्यांना जहाजावरच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं आणि उरलेली सफर त्यांनी तिथेच काढली. ते बरे झाले, नंतर मुलुंडला आमच्याकडे जेवूनही गेले. त्यांना ते कुठून लागलं हे कोणी सिद्ध करू शकत नाही, मीही नाही. त्यांच्या घरच्यांनी मला कधी विचारलं नाही. मी त्यांना सांगायला दोन वर्षं घेतली.

हे प्रकरण बहुतेक नोरोव्हायरसचं होतं, तपासणी काही झाली नव्हती. हे नाव अमेरिकेतल्या नॉरवॉक गावावरून आलं. १९६८ साली तिथल्या प्राथमिक शाळेत एकदम उलट्यांची साथ आली आणि १९७२ मध्ये त्या नमुन्यांत हा विषाणू सापडला. म्हणजे मूळचा तो शाळेतला, जहाजावरचा नव्हे. आजही त्याच्या बहुतेक साथी वृद्धाश्रम, शाळा, हॉटेलं इथेच होतात. जहाजांचं नाव होतं कारण तिथे मोजदाद होते. अमेरिकन बंदरांना लागणाऱ्या जहाजांसाठी १९७५ पासून स्वच्छतेची तपासणी आहे, आणि तीन टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की ते जाहीर होतं. आपल्या वाढदिवसाच्या पार्ट्यांची अशी मोजणी कोणी केली तर काय निघेल!

विषाणू पोटात गेल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत त्रास सुरू होतो आणि एक ते तीन दिवसांत थांबतो. गोम पुढे आहे. मूल बरं दिसायला लागलं तरी पुढे कितीतरी दिवस त्याच्या शौचातून विषाणू जात राहतो, आणि आजारी पडायला त्याचे अगदी थोडे कण पुरतात. कठडे, लिफ्टची बटणं, बुफेतले चिमटे, खेळघरातले ठोकळे, हे सगळं हजारभर माणसं हाताळतात. आणि तुम्ही पर्समध्ये ठेवलेलं सॅनिटायझर याच्यावर नीट चालत नाही. कोविडमध्ये मीच तुम्हाला सॅनिटायझरचा नाद लावला, आता मीच सांगते की इथे साबण आणि पाणीच लागतं. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. जेवायच्या आधी, संडासला जाऊन आल्यावर, खेळघरातून बाहेर पडताना. बुफेत मुलांनी चिमट्याला हात लावायचा नाही, आईवडिलांनी वाढायचं आणि मग स्वतःचे हात पुन्हा धुवायचे. आमच्या बोटीवर प्रत्येकाचा डबा आणि फिरकीचा तांब्या घरचा असायचा. गरिबीतली सोय होती, पण चिमट्याचा प्रश्न नव्हता.

मग बोट लागली की पोट बिघडलं, हे ओळखायचं कसं? बोट लागलेलं मूल आधी गप्प होतं, पांढरं पडतं, जांभया देतं, तोंडाला पाणी सुटतं, घाम येतो. मोकळ्या हवेत नेलं किंवा हलणं थांबलं की उतार पडतो. ताप नसतो, जुलाब नसतात. ताप, जुलाब, पोटदुखी यांतलं काहीही असेल, किंवा हलणं थांबून दोन-तीन तास झाले तरी उलट्या चालू असतील, तर ते संसर्गाचं आहे असं धरा. समुद्र शांत असताना उलटी झाली तरी तसंच धरा. आणि मग जहाजावरच्या दवाखान्याला फोन करा. मूल केबिनमध्येच ठेवा, जहाजाचा डॉक्टर सांगेल तितके तास, थांबल्यावरही एक-दोन दिवस. उलटी स्वतः टॉवेलने पुसू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा, त्यांच्याकडे क्लोरीनचं औषध असतं. दवाखाना फुकट नसतो, म्हणून प्रवासाच्या विम्यात जहाजावरचे उपचार धरलेत का ते आत्ताच बघा.

२६ जुलै २००५ नंतरचे दिवस इथल्या जुन्या लोकांना आठवत असतील. खालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं होतं. तेव्हाच्या सेक्रेटरींनी फळ्यावर खडूने लिहिलं होतं, "ज्यांच्या घरी जुलाब-उलट्या आहेत त्यांनी कृपया कळवावे." पहिल्या तासात कोणीच कळवलं नाही. मग ए विंगमधल्या एका आजींनी खाली येऊन मोठ्याने सांगितलं, "आमच्याकडे तिघांना." त्यानंतर रांग लागली. टाकी उपसायचं काम त्याच दुपारी सुरू झालं. त्या आजी आज नाहीत. बंदरावर तो फॉर्म समोर होता तेव्हा मला त्या आठवायला हव्या होत्या.

ओआरएसबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पाकिटं न्या, प्रत्येक मुलामागे किमान चार. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाका, अंदाजाने अर्धंमुर्धं नको. त्याच्यासारखी दिसणारी गोड पेयं मिळतात, त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी, त्याने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी केली, तरी पाकीट वाचून घ्या. पाकीट नसलं तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

मूल म्हणतं तहान लागलीय, ग्लासभर द्या, आणि लगेच सगळं बाहेर. एकेक चमचा, दोन-तीन मिनिटांनी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. कंटाळवाणं काम आहे, आजोबांना बसवा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. तेव्हा चमच्याला कमी लेखू नका.

जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी मुलांना नाही. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना पाणी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल झालंय, शौचातून रक्त, हिरवी उलटी, यांतलं काहीही दिसलं तर चमचा हातात ठेवूनच डॉक्टरांकडे.

बाकीचं भराभर. फ्लूची लस घ्यायची असेल तर या आठवड्यात घ्या, परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. गोवराचे दोन्ही डोस झालेत का बघा, २०२२ ची गोवंडीची साथ फार जुनी नाही. डायपर वापरणारं मूल पोहण्याच्या तलावात नको, आणि कुठल्याच मुलाने तलावाचं पाणी गिळायचं नाही. क्लोरीन असलं तरी काही जंतू त्याला दाद देत नाहीत. बाल्कनीच्या कठड्याजवळ खुर्ची नको. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने मोबाईल खिशात ठेवून फक्त त्यांच्याकडे बघायचं, पाळीपाळीने. बेटावर प्रवाळ पायाला कापतं, चपला घालूनच पाण्यात उतरायचं. किनाऱ्यावरचा बर्फाचा गोळा मुंबईत परत आल्यावर खा.

आणि तो फॉर्म. अकरा कुटुंबांपैकी कोणाच्या तरी मुलाचं निघायच्या दिवशी पोट बिघडलेलं असणं अगदी शक्य आहे, एकोणीस मुलं आहेत. तसं झालं तर बॅलार्ड पिअरवर पोहोचेपर्यंत थांबू नका, सकाळीच मला फोन करा. सहल आयोजकांशी मी बोलेन, तारीख बदलून मिळते का बघू. कदाचित मिळणार नाही आणि पैसे जातील. सेक्रेटरीसाहेबांना मी विचारलंय, महोत्सवाच्या निधीतून अशा एखाद्या कुटुंबाचं निम्मं नुकसान भरून देता येईल का. ते अजून हिशेब करताहेत. आत्ता सगळे इथे आहात तर त्यांनाच विचारा.

उद्या आणि परवा संध्याकाळी सहा ते आठ मी घरी आहे. मुलांची लसीची कार्डं, चालू औषधांची नावं आणि गेल्या महिन्यातलं वजन घेऊन या. वजन माहीत नसेल तर काटा माझ्याकडे आहे.