दोरीवरचं पीठ



आत्ता ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत, तरी ज्यांनी मित्रांसाठी घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला, त्यांचं काकणभर जास्त.

मी हौसेनं तुर्की भाषा शिकतो आहे. व्याकरण शिकताना घाम फुटतो, पण वाक्प्रचार आले की मजा येते. कुठल्या वागण्याचा लोकांना तिटकारा आहे, ते तिथं लगेच कळतं. तुर्की माणसाला नुसत्या बोलघेवड्यांचा फार राग. त्यांच्याकडे एक म्हण आहे, ‘लाफ्ला पेय्निर गेमिसी युरुमेझ’. म्हणजे गप्पांवर चीजचं जहाज चालत नाही. तिच्यामागे एका चिक्कू व्यापाऱ्याची गोष्ट सांगतात. तो इस्तंबूलहून समुद्रमार्गे चीज पाठवायचा आणि भाड्याचं काढलं की कप्तानाला म्हणायचा, ‘माल सुखरूप पोहोचू दे, मग बघू.’ शेवटी एक कप्तान वैतागला. म्हणाला, ‘शेठ, जहाजाला कोळसा लागतो. तुमच्या बोलण्यावर ते बंदरातून हलणार नाही.’

पण मला आज बोलायचंय ते दुसऱ्या वाक्प्रचाराबद्दल, ‘इपे उन सेरमेक’. म्हणजे दोरीवर पीठ पसरणं. हा आला नसरुद्दीन होजाच्या गोष्टीतून. आपण त्याला मुल्ला नसरुद्दीन म्हणतो. पालकांना दूरदर्शनवरच्या मालिकेतले रघुवीर यादव आठवत असतील. तुर्कस्तानात कोन्या प्रांतात अक्शेहिर नावाचं गाव आहे, तिथं त्याची कबर दाखवतात. कबरीला दाराशी भलंमोठं कुलूप आणि बाजू मात्र मोकळ्या! शिळेवर हिजरी सन ३८६ कोरलंय. ते उलटं वाचायचं, म्हणजे ६८३, आपलं इसवी सनाचं तेरावं शतक. त्याच्या गोष्टी सांगण्याच्या परंपरेला २०२२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं, तेही तुर्कस्तान, अझरबैजान, उझबेकिस्तान अशा सात देशांनी मिळून मागितल्यावर.

तर गोष्ट अशी. शेजारी होजाकडे दोरी मागायला येतो. होजा म्हणतो, ‘दोरी मोकळी नाही रे, तिच्यावर पीठ वाळत घातलंय.’ शेजारी चक्रावतो. ‘होजा, दोरीवर कधी पीठ राहतं का?’ होजा शांतपणे म्हणतो, ‘द्यायची नसली की राहतं.’

गोष्ट संपली. तेव्हापासून एखादा माणूस सबबी सांगून काम टाळायला लागला, की तुर्की लोक म्हणतात, ‘हा दोरीवर पीठ पसरतोय.’ घरात म्हणतात, बाजारात म्हणतात. वाटाघाटी लांबवणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल वर्तमानपत्रंही असंच लिहितात.

मला मात्र वाटतं, या वाक्प्रचारानं होजावर थोडा अन्यायच केलाय. त्याची सबब नीट बघा. ती इतकी अचाट आहे, की तिच्यावर कुणी विश्वास ठेवणारच नाही. म्हणजे शेजाऱ्याला फसवायचा त्याचा विचारच नव्हता. आणि प्रश्न आल्याबरोबर त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. शेजारी दोन मिनिटांत मोकळा झाला, दुसऱ्या घरी दोरी मागायला गेला असेल.

आपल्या सबबी अशा नसतात. त्या पटण्यासारख्या असतात, आणि तिथंच घात होतो. ‘नेट नव्हतं.’ ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ ‘फाइल वर गेलीय.’ ‘बघतो, सांगतो.’ समोरचा आशेवर राहतो. पुन्हा येतो, पुन्हा फोन करतो. नकारानं माणूस क्षणभर खट्टू होतो, पण अशा टोलवाटोलवीत त्याचे दिवस जातात. प्रोजेक्टच्या ग्रुपवर ‘उद्या नक्की पाठवतो’ असं लिहिणारा मित्र तुमच्यातही असेल. त्यानं पहिल्याच दिवशी ‘मला जमणार नाही’ म्हटलं असतं, तर बाकीच्यांनी ते काम वाटून घेतलं असतं.

आपल्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. समोरच्याला वाईट वाटेल, संबंध तुटतील असं वाटतं. पण संबंध तुटतात ते नकारामुळे कमी आणि ताटकळत ठेवल्यामुळे जास्त.

आणि आता शेजाऱ्याबद्दल. होजाच्या नादात आपण त्याला विसरतो. त्यानं मुकाट्यानं मान डोलावली असती, तर खरं उत्तर बाहेर आलंच नसतं. पहिलं उत्तर ऐकून तो परत फिरला नाही. न भांडता, न चिडता त्यानं एक साधा प्रश्न विचारला. असा प्रश्न विचारायची सवय आपल्याकडे घरातही मोडली जाते आणि वर्गातही. मोठ्यांना उलटून विचारायचं नाही म्हणतात. पण उलट बोलणं वेगळं आणि उलगडा मागणं वेगळं.

नागरिक म्हणून तर हा प्रश्न विचारायचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार सरकारी कार्यालयानं साधारणपणे ३० दिवसांच्या आत उत्तर द्यायचं असतं. नकार द्यायचा असेल, तर त्याचं कारण कळवावं लागतं आणि अपील कुणाकडे करायचं तेही सांगावं लागतं. केंद्राच्या या कायद्याआधी महाराष्ट्रानं २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. त्यासाठी अण्णा हजारे आणि इतर अनेकांना आंदोलनं करावी लागली, कारण दोरीवरचं पीठ आपण होऊन कुणी झटकत नाही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले काही उद्या अधिकारी होतील, काही व्यवसायात जातील, काही शिक्षक होतील. तुमच्या दाराशी कुणीतरी दोरी मागायला येईल. देता येत असेल तर लगेच द्या. देता येत नसेल, तर तोंडावर ‘नाही’ म्हणा आणि कारण सांगा. आणि तुम्ही मागायला गेलात अन् समोरच्यानं पीठ दाखवलं, तर शेजाऱ्यासारखा दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय परतू नका.

वार्षिक परीक्षेसाठी तुम्हा सर्वांना मनापासून शुभेच्छा.