बोरीच्या राखेचे वय

(डिंगोरे, तालुका जुन्नर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेले व्याख्यान)



अणू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिरोशिमा उभे राहते, नाही तर तुर्भ्याची अणुभट्टी. आज मी या दोहोंविषयी बोलणार नाही. आपल्याच तालुक्याच्या पूर्व भागात कुकडीकाठी बोरी हे गाव आहे. तेथील नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक फिकट थर आहे, आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ही राख किती जुनी, हे निश्चित झाले तर आपल्या खोऱ्यात माणूस केव्हापासून वावरत आहे, याचा अंदाज बांधता येईल. ते वय सांगणारे घड्याळ अणूच्या गाभ्यात आहे.

शेतकरी पिकाला पोटॅश देतो. त्यातील पोटॅशियमचा अणू पाहू. मध्यभागी अणुकेंद्र, त्यात धनभारित 19 प्रोटॉन आणि बहुधा 20 भाररहित न्यूट्रॉन, सभोवार 19 इलेक्ट्रॉन. प्रोटॉनांची संख्या म्हणजे मूलद्रव्याची ओळख. ती बदलली की द्रव्यच बदलले. मात्र पोटॅशियमच्या दर 10 हजार अणूंत साधारण एक अणू असा असतो, की त्याच्या केंद्रात 21 न्यूट्रॉन असतात. हा पोटॅशियम-40. त्याचे केंद्र अस्थिर असते. असे 100 अणू पालटले तर सुमारे 89 अणूंत एक न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो, इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि कॅल्शियम उरते. उरलेल्या 11 अणूंत केंद्र जवळचा इलेक्ट्रॉन ओढून घेते, प्रोटॉनाचा न्यूट्रॉन होतो आणि आर्गॉन हा वायू तयार होतो. या आपोआप पालटण्यालाच किरणोत्सार म्हणतात. त्या शब्दाने दचकणाऱ्यांनी हेही ऐकावे, की 70 किलो वजनाच्या माणसाच्या देहात दर सेकंदाला असे चार हजारांवर अणू पालटत असतात. भय मात्रेचे असते, नावाचे नव्हे.

अमुक एक अणू केव्हा पालटेल, ते सांगता येत नाही. समूहाचा हिशेब मात्र अचूक असतो. गुरुजनांनी वर्गात 100 फोडलेले चिंचोके उधळावेत, पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढावेत, उरलेले पुन्हा उधळावेत. दर खेपेस साधारण निम्मे उरतात. पोटॅशियम-40 ची अशी एक खेप 125 कोटी वर्षांची. हे त्याचे अर्धायुष्य. उष्णता, पाऊस वा रासायनिक क्रिया यांनी त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

लाव्हा वितळलेला असतो तेव्हा आर्गॉन निसटून जातो आणि घड्याळ शून्यावर येते. तो थिजला की आत तयार होणारा आर्गॉन स्फटिकांत अडकून राहतो. आर्गॉन किती आणि पोटॅशियम किती, हे मोजले की वय निघते. शिवनेरीचा आणि माळशेजच्या कड्यांचा काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा, हे याच मार्गाने कळले. बोरीच्या राखेसाठी कार्बन-14 चा उपयोग नाही. 50 हजार वर्षांपलीकडे ते घड्याळ वाचता येत नाही.

आणि येथेच पेच आहे. 1980 च्या दशकाअखेरीस पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने या राखेचे वय सुमारे 14 लाख वर्षे आले. पुढे त्याच पद्धतीच्या सुधारित रूपाने ते 6 लाख 70 हजारांच्या आसपास आले. तर राखेची रासायनिक घडण पाहणाऱ्या काही अभ्यासकांनी ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. टोबा येथून तीन हजार किलोमीटरांहून दूर!

घड्याळ खोटे नाही. नमुना शुद्ध हवा. नदीने राख वाहून आणताना तीत जुन्या काळ्या पाषाणाचे कण मिसळतात आणि त्यांचा साठलेला आर्गॉनही मोजला जातो. दोहोंतील पोटॅशियम समान धरले, तर 75 हजार वर्षांच्या राखेत शंभरात एक भाग असा पाषाण मिसळताच वय 7 लाखांच्या वर दिसेल. आपल्या पाषाणात पोटॅशियम राखेपेक्षा कमी असते, म्हणून भेसळ याहून अधिक लागेल. पण दिशा तीच. बोरीत असेच घडले, असा निवाडा मी देत नाही. तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. माझ्या मते हा वाद म्हणजे विज्ञान कसे चालते याचा उत्तम पाठ आहे, आणि तो आपल्या तालुक्यातच उपलब्ध आहे.

पंचायत सदस्यांना एक विनंती. कुकडीकाठची वाळू वा माती उचलण्याचा विषय ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा काठात असा फिकट, बारीक पिठासारखा थर आहे काय, हे आधी पाहावे. आढळल्यास तो हलवू न देता तहसीलदारांना आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. थर मूळ जागी, वरखालच्या मातीसह असेल, तरच त्यातील शुद्ध कण वेचून नव्याने मोजणी करता येते.