तपासणी महागडी की नेमकी?



घरातील ज्येष्ठांचे पोट दुखू लागले की मुलगा डॉक्टरांना सांगतो, "एकदाचा एमआरआय करून टाका, पैशांकडे पाहू नका." त्यामागची माया खरी आहे, समजूत मात्र चुकीची. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय या एकाच जिन्याच्या चढत्या पायऱ्या नव्हेत. पित्ताशयातील खड्यांसाठी प्रथम सोनोग्राफीच करतात, कारण त्यांतील कित्येक खडे सीटीत दिसतही नाहीत. पोटात अन्न गेले की पित्ताशय आकुंचन पावते, म्हणून रुग्णाला उपाशीपोटी बोलावले जाते. "नुसता दुधाचा चहा घेतला" म्हणणाऱ्याला बहुधा दुसऱ्या दिवशी हेलपाटा पडतो! याउलट, डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाल्याची शंका असेल, तर काही मिनिटांत उत्तर देणारी सीटीच हवी.

एक्स-रे व सीटी या दोहोंत क्ष-किरण वापरतात. प्रमाणात मात्र मोठा फरक आहे. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. छातीच्या एका एक्स-रेत तो ०.१ किंवा त्याहून कमी, तर पोटाच्या सीटीत साधारण ८ असतो. गरज असता भिण्याचे कारण नाही. परंतु जुन्या फिल्म हरवल्या म्हणून तीच तपासणी पुन्हा करावी लागणे, हा निव्वळ निष्काळजीपणा होय. गर्भधारणेची शक्यता, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वी इंजेक्शनची आलेली ॲलर्जी आधीच सांगावी; संकोच करू नये.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. धोका असतो तो चुंबकाचा. १.५ टेस्लाचे हे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून सुमारे तीस हजार पटींनी प्रबळ असते, आणि तपासणी चालू नसतानाही ते जागेच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. मंगळसूत्र उतरवण्यास अनेक भगिनी नाखूश असतात. सोने चुंबकाला चिकटत नाही हे खरे. पण त्याच्या तारेत वा फाशात कोणता धातू आहे, हे तंत्रज्ञाने कसे ओळखावे? पेसमेकर बसवलेल्यांनी त्याचे कार्ड बरोबर न्यावे. अलीकडचे काही पेसमेकर एमआरआयला चालतात, मात्र कार्ड पाहून खात्री झाल्याखेरीज रुग्णाला आत घेता येत नाही.